एका रिदमवर दहा आवाज बसवताना

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. ‘दिवाली’ आणि ‘ड्रॉप लीफ’ हे रिदम-संग्रह आपण ऐकलेत, आणि मागचे वादन एकच असूनही काही संग्रह शेवटपर्यंत धरून ठेवतात, तर काही तिसऱ्या गाण्यालाच कंटाळवाणे होतात, असे का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. दुसरे असे की आपल्याकडे स्वतः बांधलेला एक वन ड्रॉप (पहिली मात्रा मोकळी सोडणारा रेगेचा ठेका) रिदम तयार आहे, त्यावर वेगवेगळ्या गायकांकडून गाणी करून घेऊन संग्रह काढायचा आहे, तर तो कसा करावा. मी अनेक वर्षे रेगे या जमैकन संगीताचे मिक्सिंग करतो आणि साउंड सिस्टिमवर, म्हणजे नाचासाठी उभारलेल्या मोठ्या स्पीकर-संचावर, गाणी लावणारा सिलेक्टर म्हणूनही उभा राहतो, म्हणून दोन्ही बाजूंनी उत्तर देतो. माझे मत आधीच सांगून टाकतो: वादन पुन्हा पुन्हा येते म्हणून श्रोता कंटाळत नाही. दहा जणांनी त्या वादनावर एकच गाणे गायले की तो कंटाळतो. चांगल्या संग्रहाचे सगळे काम हे टाळण्यासाठी असते, आणि ते रिदम बांधण्यापासूनच सुरू होते.

रिदम म्हणजे गाण्यामागचे संपूर्ण वादन, त्यातही प्रामुख्याने ड्रम आणि बास. जमैकात रिदमला स्वतःचे नाव असते आणि त्यावरच्या प्रत्येक गाण्याला वेगळे. आपल्याकडे भजनी मंडळात एकाच चालीवर अनेक अभंग म्हटले जातात. तिथे चाल ठरलेली असते आणि शब्द बदलतात. रिदमच्या बाबतीत शब्दांबरोबर चालही प्रत्येक गायकाने स्वतःची आणायची असते, ठरलेले असतात ते फक्त बासचे वळण, कॉर्ड आणि ठोका. हा फरक नीट लक्षात न घेता केलेले संग्रह मी पुष्कळ ऐकले आहेत. निर्माता गायकाला नमुना म्हणून आधीच झालेले एखादे गाणे ऐकवतो, गायक नकळत त्याच चालीच्या आसपास फिरत राहतो, आणि संग्रह तिथेच संपतो. पुढे घोटाळा होऊ नये म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो: जमैकात ‘डीजे’ म्हणजे रिदमवर तालात बोलणारा, टोस्टिंग करणारा कलावंत, तबकड्या लावणारा तो ‘सिलेक्टर’, आणि गाणे व बोलणे या दोन्हींच्या सीमेवर चालणारा तो ‘सिंगजे’.

ही पद्धत कुठून आली हे माहीत असेल तर तिचे नियम आपोआप कळतात. १९५०च्या दशकापासून जमैकाची राजधानी किंग्स्टनमध्ये साउंड सिस्टिम म्हणजे करमणुकीचे मुख्य साधन होते. क्लेमेंट ‘कॉक्सन’ डॉड यांची ‘डाउनबीट’ आणि ड्यूक रीड यांची ‘ट्रोजन’ या त्यांपैकी सर्वांत नावाजलेल्या. या मंडळींनी पुढे स्वतःचे स्टुडिओ काढले. डॉड यांचा ‘स्टुडिओ वन’ १९६३मध्ये १३, ब्रेंटफर्ड रोड येथे सुरू झाला, तर रीड यांचा ‘ट्रेझर आइल’ बाँड स्ट्रीटवर होता. तिथे ध्वनिमुद्रण करायचे म्हणजे वादकांचा ताफा बोलवावा लागे आणि त्याचा खर्च मोठा असे. रॉकस्टेडीच्या (रेगेच्या लगेच आधीच्या संगीतप्रकाराच्या) अखेरच्या काळात, १९६७-६८च्या सुमारास, स्पॅनिश टाउनमधील साउंड सिस्टिमचालक रुडी रेडवुड यांच्यासाठी ‘ट्रेझर आइल’मध्ये द पॅरागन्सच्या ‘ऑन द बीच’ची एक चाचणी-तबकडी कापली जात असताना अभियंता बायरन स्मिथ यांच्याकडून गायनाचा ट्रॅक राहून गेला. रेडवुड यांनी ती तबकडी तशीच नाचाच्या ठिकाणी लावली, आणि मोकळ्या वादनावर जमावाने स्वतः गाणे म्हटले. वादन सुटे करून विकता येते, आणि लोकांना ते हवे असते, हे त्यानंतर सर्वांच्याच लक्षात आले. सात इंची तबकडीच्या मागच्या बाजूला गायनाविना ‘व्हर्जन’ देण्याची रीत त्यातूनच रुजली.

१९७०मध्ये यू-रॉय यांनी ड्यूक रीड यांच्या जुन्या वादनांवर टोस्टिंग केलेली गाणी एकाच वेळी जमैकाच्या लोकप्रियतेच्या यादीत अगदी वर पोहोचली. त्यांतले ‘वेअर यू टू द बॉल’ आपण काळजीपूर्वक ऐकावे. मूळ गायन मधूनमधून ऐकू येते, यू-रॉय त्याला उत्तर देतात, पुन्हा बाजूला होतात. रिदमवर दुसऱ्या आवाजाने कसे यावे आणि कसे थांबावे, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. मग १९७४च्या सुमारास रूपी एडवर्ड्स यांनी ‘यामाहा स्कँक’ हा संग्रह काढला. स्लिम स्मिथ आणि द युनिक्सच्या ‘माय कॉन्व्हर्सेशन’ या १९६८च्या गाण्याचे वादन घेऊन त्यांनी पूर्ण तबकडी त्याच्याच वेगवेगळ्या रूपांनी भरली. एकाच रिदमचा संपूर्ण संग्रह म्हणून सर्वसाधारणपणे पहिला मान त्यालाच दिला जातो.

पुढचे टप्पे थोडक्यात सांगतो. साउंड डायमेन्शनने ‘स्टुडिओ वन’साठी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात केलेल्या ‘रिअल रॉक’वर सुमारे दहा वर्षांनी विली विल्यम्स यांनी ‘आर्मगिडियन टाइम’ गायले आणि मिशिगन व स्मायली या जोडीने ‘नाइस अप द डान्स’ केले. पहिले भुकेचे आणि न्यायाचे गाणे आहे, दुसरे निखळ नाचाचे. १९८५मध्ये ‘स्लेंग टेंग’ आला. वेन स्मिथ आणि नोएल डेव्ही यांना कॅसिओ एमटी-४० या छोट्या की-बोर्डमध्ये तयार भरलेला एक ठेका सापडला, निर्माते किंग जॅमी यांनी तो संथ करून त्यावर ‘अंडर मी स्लेंग टेंग’ ध्वनिमुद्रित केले, आणि त्याच वर्षी ‘स्लेंग टेंग एक्स्ट्राव्हॅगन्झा’ हा अनेक गायकांचा संग्रहही निघाला. तो ठेका हिरोको ओकुदा या जपानी तरुणीने कॅसिओत काम करताना तयार केला होता, आणि ती स्वतः रेगेची अभ्यासक होती, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत आनंद देणारे वळण वाटते. संगणकीय रिदमला ताफ्याची गरज उरली नाही, त्यामुळे संग्रहांची संख्या भराभर वाढली. २०००च्या आगेमागे लंडनच्या ग्रीनस्लीव्ह्जने ‘रिदम अल्बम’ आणि न्यूयॉर्कच्या व्हीपी रेकॉर्ड्सने ‘रिदम ड्रिव्हन’ या मालिका सुरू केल्या. आज आपण ज्याला रिदम-संग्रह म्हणतो त्याचे रूप या दोन मालिकांनी पक्के केले.

आता आपण ऐकलेल्या दोन संग्रहांकडे येतो. स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेन यांचा ‘दिवाली’ रिदम २००२मधला. तो डान्सहॉलचा, म्हणजे रेगेतून निघालेल्या वेगवान नाच-संगीताचा आहे, आपल्या वन ड्रॉपच्या जातीचा नाही, पण त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. त्यात पुढे आहेत त्या तिरप्या पडणाऱ्या टाळ्या आणि खाली बास. कॉर्डची गर्दी जवळपास नाही. परिणामी गायकाला सुरांचे मोकळे मैदान मिळते. शॉन पॉल यांनी ‘गेट बिझी’मध्ये टाळ्यांच्या बरोबरीने तुटक, जपासारखे शब्द बसवले आणि ते गाणे २००३मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. वेन वंडर यांनी ‘नो लेटिंग गो’मध्ये त्याच टाळ्यांवरून लांब, सरळ, हळुवार ओळी नेल्या, टाळ्या धावतात आणि गायक चालत राहतो. बाउंटी किलर यांनी ‘सफरर’मध्ये त्याच नाचाच्या रिदमवर गरिबीची व्यथा मांडली. तिन्ही गाणी एकापाठोपाठ ऐका. वादन तेच आहे, पण श्वास कुठे घेतला, ओळ कुठे सुरू झाली आणि काय सांगितले, या तिन्ही बाबतींत एकही गाणे दुसऱ्याजवळ जात नाही.

डॉनोव्हन ‘डॉन कॉर्लिऑन’ बेनेट यांचा ‘ड्रॉप लीफ’, २००५च्या सुमाराचा, वेगळ्या वाटेने जातो. हा सुरेल आणि काहीसा उदास वन ड्रॉप आहे. त्याच्या कॉर्डनीच भाव ठरवून टाकला आहे. अशा रिदमवर सगळ्यांची गाणी एकसारखी होण्याचा धोका अधिक असतो. पण जाह क्युअर यांनी ‘लाँगिंग फॉर’मध्ये त्या उदासीतून प्रियजनाची ओढ काढली, आणि हे गाणे आले तेव्हा ते स्वतः तुरुंगात होते, टी.ओ.के. यांनी ‘फुटप्रिंट्स’मध्ये त्याच उदासीतून मृत्यूचा शोक मांडला. भाव एक, आशय निरनिराळे. आपला रिदम मायनरमधला आणि भावुक आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून आपण ‘दिवाली’पेक्षा ‘ड्रॉप लीफ’कडे अधिक बारकाईने पाहावे आणि गायकांना विषय वाटून देण्याची जबाबदारी स्वतःवर घ्यावी.

आपला रिदम तपासण्यापासून सुरुवात करू. वन ड्रॉप ७५च्या गतीने (मिनिटाला ७५ मात्रा) लिहिला जातो किंवा दुपटीने १५०च्या. १५०ने मोजला तर पहिली मात्रा रिकामी राहते, गिटारचा किंवा पियानोचा तुटक ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतो, आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) व स्नेअर या छोट्या ड्रमच्या काठाचा आवाज एकत्र तिसऱ्या मात्रेवर पडतो. समेवर वजन ऐकण्याची सवय असलेला आपला कान ही रिकामी पहिली मात्रा भरून काढायला धावतो, आणि आपल्याकडे बांधलेल्या बहुतेक वन ड्रॉप रिदममध्ये मला हाच दोष दिसतो: कोणीतरी तिथे किक टाकलेला असतो, किंवा बास प्रत्येक वेळी नेमका तिथूनच सुरू होतो. ती जागा मोकळी ठेवा. गायकाला ओळ सुरू करण्यासाठी तिथे जागा लागते, आणि बासची ओळ कधी त्या जागेच्या आधी तर कधी नंतर सुरू झाली तरच रिदम झुलतो. ऑर्गनचे बुडबुड्यांसारखे वादन, म्हणजे ज्याला बबल म्हणतात ते, गिटारच्या ठोक्याच्या आजूबाजूने हलके राहिले पाहिजे. ते वेगळे ऐकू येऊ लागले तर जास्त झाले.

दुसरी तपासणी मोकळ्या जागेची. रिदम केवळ वादन म्हणून ऐकताना परिपूर्ण वाटत असेल, तर तो बहुधा संग्रहाच्या उपयोगाचा नाही. मेलोडिकाची (फुंकून वाजवायच्या छोट्या की-बोर्डची) किंवा ट्रम्पेटची एखादी सुंदर धून आपण सतत वाजत ठेवली, तर प्रत्येक गायक तिच्याशी जुळवून घेईल आणि दहाही गाण्यांत तीच धून लक्षात राहील. अशी धून असावी जरूर, रिदमची ओळख तिच्यामुळेच पटते, पण ती पहिल्या चार आवर्तनांत आणि मधल्या एखाद्या विसाव्यात यावी. बाकी गाण्यात ती वेगळ्या ट्रॅकवर ठेवून कोणाला द्यायची आणि कोणाला नाही हे नंतर ठरवावे. त्यासाठी प्रत्येक वाद्य स्वतंत्र फाइलमध्ये असणे आवश्यक आहे. दोन ट्रॅकमध्ये आधीच मिसळून ठेवलेल्या वादनावर संग्रह करू नका, कारण मग आपल्या हातात फक्त आवाज कमी-जास्त करणेच उरते.

लांबीचा हिशोब सोपा आहे. ७५च्या गतीला चार मात्रांचे एक आवर्तन ३.२ सेकंदांचे होते, त्यामुळे ६४ आवर्तनांचे गाणे सुमारे ३ मिनिटे २५ सेकंदांचे भरते. तेवढे पुरे. मात्र रिदम गायकांकडे पाठवताना ध्रुवपद कुठे आणि कडवे कुठे हे आधीच वादनात बांधून टाकू नका. एखाद्या डीजेला सलग १६ आवर्तने बोलायचे असते, एखाद्या गायिकेला ध्रुवपदानेच सुरुवात करायची असते. सरळ, न वाकवलेले वादन पाठवा आणि गाणे हाती आल्यावर त्याच्या आकाराप्रमाणे वादन कापा.

स्वर कोणता ठेवावा, यावर निर्माते फार कमी विचार करतात. सगळी गाणी एकाच स्वरात राहिली तरच सिलेक्टरला ती एकमेकांत मिसळता येतात, म्हणून एखाद्या गायिकेसाठी पूर्ण रिदम तीन स्वर वर नेण्याचा मोह टाळावा. शिवाय बासचे वजन स्वरावर अवलंबून असते. चार तारांच्या बास गिटारचा सर्वांत खालचा ई साधारण ४१ हर्ट्झचा आणि त्यावरचा ए ५५ हर्ट्झचा. ५५ हर्ट्झचा सूर ४१च्या मानाने छोट्या स्पीकरवर थोडा अधिक पोहोचतो आणि मोठ्या सिस्टिमवर छातीत जाणवतो. ए मायनर किंवा त्याच्या जवळपासचा स्वर घेतला तर पुरुष आणि स्त्री दोघांनाही आपापली जागा सापडते, कारण ज्याला वर जाणे जमत नाही तो त्याच कॉर्डवर सी या सुराभोवती चाल बांधू शकतो. तसे झाले तर आपोआप चालही वेगळी होते. मला ही अडचण उपकारक वाटते.

गायकांच्या निवडीबद्दल माझे मत ठाम आहे. ओळखीचे आहेत म्हणून दहा-बारा जणांना घेऊ नका. आठ आवाज आणि शेवटी एक डब (वाद्ये काढत-घालत, प्रतिध्वनी देत केलेले वादनाचे रूप) किंवा व्हर्जन, एवढा संग्रह भरपूर होतो. वीस-वीस गाण्यांच्या संग्रहांतली निम्मी गाणी लोकांनी दुसऱ्यांदा ऐकलेली नसतात. आठांमध्ये दोन सुरेल गायक, एक भारदस्त आवाजाचा डीजे, एक सिंगजे, किमान दोन स्त्रिया, तीन आवाजांची हार्मनी करणारा एखादा गट आणि वयाने ज्येष्ठ असा एक आवाज, अशी विभागणी मनात धरून शोध घ्या. जमैकात गायक आणि डीजे यांची जोडी एका गाण्यात आणण्याची रीत जुनी आहे. चाका डेमस आणि प्लायर्स हे तिचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. आपल्या आठांपैकी एक गाणे अशा जोडीचे ठेवा, आणि ते संग्रहाच्या मध्यावर येऊ द्या.

भाषेबाबत एक कळकळीची विनंती. आपल्या गायकांना जमैकाची पाट्वा बोली उसनी घेऊ देऊ नका, आणि जाह, सायन, बॅबिलॉन हे रास्ताफारी श्रद्धेचे शब्द सजावट म्हणून वापरू देऊ नका. ते शब्द गुलामगिरीतून आलेल्या लोकांच्या धर्मातले आणि दुःखातले आहेत. मराठीत किंवा कोकणीत गायचे असेल तर तसे मोकळेपणाने गा. रिदम कोणत्याही भाषेला जागा देतो. फक्त मराठीत वाक्य क्रियापदाने संपते, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘आहे’, ‘नाही’, ‘गेले’, ‘आले’ अशी यमके पडतात, आणि आठही गायकांनी तेच केले तर आठही गाणी कानाला सारखी लागतात. ओळ नामावर किंवा हाकेवर संपवायला सांगा. शब्दक्रम थोडा उलटवला की ओळ ठोक्यावर बसते, हे आपल्या लोकगीतांना पूर्वीपासून माहीत आहे.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी, म्हणजे व्हॉइसिंग करताना, एकाला दुसऱ्याचे गाणे अजिबात ऐकवू नका. हे मी नियम म्हणून पाळतो. प्रत्येकाशी आधी फोनवर बोलून विषय ठरवा: एकाला स्थलांतर, एकीला आई, एकाला पाणी, एकाला प्रेम, एकाला पोलिसांचा जाच, जे ज्याच्या जगण्यातून येते ते. दोघांचे ध्रुवपद एकाच सुरावर सुरू होत असल्याचे लक्षात आले, तर नंतर आलेल्याला तेव्हाच थांबवून दुसरी सुरुवात शोधायला लावा. मिक्सिंगमध्ये हा दोष दुरुस्त करता येत नाही. मुख्य आवाजाशिवाय हार्मनी आणि मधूनमधून येणारी उत्स्फूर्त दाद वेगळ्या ट्रॅकवर घ्या. डब करताना त्या सोन्यासारख्या उपयोगी पडतात.

मिक्सिंगकडे वळू. बहुतेक नवे निर्माते रिदमचे मिक्सिंग एकदा पक्के करतात आणि त्यावर प्रत्येक आवाज ठेवून देतात. हे चुकीचे आहे, आणि संग्रह कंटाळवाणा होण्याचे गायनानंतरचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. प्रत्येक गाण्यासाठी मूळ फाइल्स पुन्हा उघडा. भारदस्त डीजेच्या कडव्यात गिटार आणि ऑर्गन काढून फक्त ड्रम-बास ठेवा. त्याचा आवाज खालच्या भागात भरलेला असतो, तिथे बासशी टक्कर होऊ नये म्हणून आवाजाचा १०० हर्ट्झच्या खालचा भाग छाटा. पातळ, उंच आवाजाच्या गायिकेखाली ऑर्गन थोडा वाढवा. हार्मनी गटाच्या ध्रुवपदात ट्रम्पेटची धून बंदच ठेवा. ज्येष्ठ गायकाच्या गाण्यात हवे तर न्याबिंगी ढोल (रास्ताफारी उपासनेतले ढोल) घ्या, आणि ते बाकी सात गाण्यांत ठेवू नका. प्रतिध्वनी गतीशी बांधलेला असावा: ७५ला एक मात्रा ८०० मिलिसेकंदांची, तिचा पाऊण भाग ६०० आणि निम्मा ४०० मिलिसेकंद; ६००चा प्रतिध्वनी गायकाच्या शेवटच्या शब्दावर टाकला की तो गिटारच्या दोन ठोक्यांच्या मधे पडतो आणि ओळ तरंगत राहते. पण तो प्रत्येक ओळीवर नको. डबचे आद्य अभियंते किंग टबी यांचे डब ऐकताना मला नेहमी जाणवते ते त्यांचे स्वतःला आवरणे: बास काढून घेतला आहे हे कळते, कारण तो आधी पुरेसा वेळ दिलेला असतो.

एक गोष्ट मात्र आठही गाण्यांत अगदी सारखी ठेवायची, ती म्हणजे बास आणि किकची पातळी. संग्रहातली गाणी सिलेक्टर एकापाठोपाठ एक लावतो, कधी कडवे अर्धवट तोडून पुढच्या गाण्यावर उडी मारतो. याला जगलिंग म्हणतात, आणि रिदम-संग्रहाची खरी परीक्षा तिथेच होते. उडी मारताना बास खाली बसला किंवा फुगला तर नाचणाऱ्यांच्या लगेच लक्षात येते. स्ट्रीमिंगसाठी लोकांना –१४ एलयूएफएस (गाण्याचा एकूण मोठेपणा मोजणारे एकक) हा आकडा माहीत असतो आणि प्रत्येक गाणे त्या आकड्याला आणून ते मोकळे होतात. पण भरगच्च हार्मनीचे गाणे आणि ड्रम-बासवरचे डीजेचे गाणे एकाच आकड्याला आणले की दोन्हींतला बास वेगळा होतो. आधी बास जुळवा, मग आवाज त्यावर बसवा, आणि आकडा थोडा पुढे-मागे झाला तरी चालू द्या. शक्य असेल तर काम अंतिम करण्याआधी ते खऱ्या सिस्टिमवर ऐका. गोव्यात २०१६मध्ये ‘गोवा सनस्प्लॅश’ हा रेगेचा महोत्सव सुरू झाला, आणि भारतात आता स्वतःच्या हातांनी साउंड सिस्टिम बांधणारी मंडळीही आहेत. त्यांच्यापैकी कोणाकडे आपली दोन गाणी लावून पाहायला मिळाली, तर खोलीतल्या स्पीकरवर महिनाभरात कळणार नाही ते दहा मिनिटांत कळेल.

क्रमाबद्दल थोडे. सर्वांत लोकप्रिय गायक पहिला, ही पद्धत मला पटत नाही. पहिले गाणे असे असावे की ज्याची चाल सर्वांत स्पष्ट आहे, कारण श्रोता अजून रिदमशी ओळख करून घेत असतो. दुसऱ्या क्रमांकावर लगेच डीजे आणा, म्हणजे रिदम आणि गाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे श्रोत्याला कळते. एकाच उंचीचे दोन आवाज शेजारी ठेवू नका, आणि एकाच विषयाची दोन गाणी तर मुळीच नको. सर्वांत कमी वाद्ये असलेले गाणे सातवे ठेवा. तोपर्यंत कानाला विश्रांती हवी असते.

आता पैशांबद्दल आणि हक्कांबद्दल, कारण रेगेच्या इतिहासातली सर्वांत जास्त कटुता इथली आहे. जमैकात आधुनिक कॉपीराइट कायदा १९९३मध्ये आला. त्याआधीची बहुतेक ध्वनिमुद्रणे एकरकमी मानधनावर झाली आणि वादकांची नावे पुष्कळदा तबकडीवर आलीच नाहीत. सिस्टर नॅन्सी यांनी १९८२मध्ये ‘स्टॅलॅग’ रिदमवर गायलेले ‘बॅम बॅम’ जगभर वाजत राहिले, पण तीन दशकांहून अधिक काळ त्यांना त्याचा मोबदला मिळाला नाही. कायदेशीर मार्ग धरल्यावरच त्यांना आपला हिस्सा मिळाला. रिदमकर्त्यांची बाजूही तशीच आहे. स्टीली आणि क्लेव्ही यांच्या १९८९च्या ‘फिश मार्केट’मधला ठोका रेगेटॉन या लॅटिन अमेरिकी नाच-संगीताचा पाया झाला, आणि त्याबद्दलचा दावा २०२१मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात दाखल झाला. म्हणून व्हॉइसिंगच्या आधी, मायक्रोफोनसमोर कोणी उभे राहण्यापूर्वी, प्रत्येक गाण्यासाठी एक पानाचा करार करा. साधारण रूढ वाटणी अशी असते की रचनेतला निम्मा वाटा रिदम बांधणाऱ्यांचा आणि निम्मा शब्द व चाल करणाऱ्याचा. ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे मास्टरचा, वाटा वेगळा लिहावा. बास ज्याने वाजवला त्याचे नाव रचनाकारांत घाला, कारण रिदमची ओळख त्याच्या ओळीने होते. भारतातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना स्वामित्वधनातला समान वाटा सोडून देता येत नाही, हे कराराचा मसुदा करताना ध्यानात ठेवा, आणि ज्यांनी अजून केलेली नाही त्यांची आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांचे स्वामित्वधन गोळा करणाऱ्या संस्थेकडे) नोंदणी करून घ्या. एखाद्या जुन्या जमैकन रिदमची ओळ आपण पुन्हा वाजवून वापरली असेल, तर ध्वनिमुद्रण आपले असले तरी रचना आपली होत नाही. तिची परवानगी घ्यावीच लागते.

प्रकाशनाच्या वेळी एक तांत्रिक अडचण हमखास येते. आठही गाण्यांत वादन एकच असल्यामुळे यूट्यूबची स्वयंचलित ओळख-यंत्रणा, म्हणजे कंटेंट आयडी, एका गाण्याला दुसऱ्याची नक्कल समजते, आणि एखाद्या गायकाने स्वतःचे गाणे वेगळ्या वितरकाकडून टाकले तर दोन वितरकांचे दावे एकमेकांवर आदळतात. सगळी गाणी एकाच वितरकामार्फत जाऊ द्या, सामायिक वादन असलेल्या गाण्यांसाठी कंटेंट आयडीचा पर्याय बंद ठेवा, प्रत्येक गाण्याला स्वतंत्र आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक घ्या, आणि गायकाला स्वतःच्या पानावर गाणे दाखवता येईल अशी तरतूद करारातच करा. शीर्षकात किंवा माहितीत रिदमचे नाव प्रत्येक गाण्यापाशी लिहा. सिलेक्टर त्या नावानेच शोध घेतात.

त्यांच्यासाठी आठही गाण्यांची एक वेगळी प्रत तयार करा, ज्यात सुरुवातीला चार आवर्तने निव्वळ वादन असेल, म्हणजे आधीच्या गाण्यातून आत शिरायला जागा मिळेल. आणि त्याबरोबर मोकळे व्हर्जनही द्या, त्यावर समोर उभा असलेला एखादा नवा डीजे थेट मायक्रोफोनवर बोलू शकेल. आपण दोन गाणी तयार केलीत आणि त्यांच्या वेगळ्या फाइल्स पाठवल्यात, तर बासची पातळी आणि मधली मोकळी जागा मी ऐकून कळवीन.